मका, ढग आणि उजेड मोजणारी माणसं

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस हा सगळ्यांचाच विषय. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडं किती झाला?" वर्षाकाठी ७०० ते ८०० मिलिमीटर पडणार, तोही मनाला येईल तेव्हा. मग तो मोजून ठेवणं भागच आहे. तहसीलच्या आवारातलं पर्जन्यमापक, वर्तमानपत्रातला तालुकावार तक्ता, गेल्या वर्षीचा आकडा आणि यंदाचा आकडा, हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पण आजवर मला एकाही माणसानं विचारलेलं नाही की, यंदा तुमच्याकडं ऊन किती पडलं?

विचारणार तरी कोण! ऊन ही आमच्याकडं टाळायची गोष्ट. मार्च ते मे आम्ही सावली शोधत फिरतो. उन्हाचा कधी तुटवडा पडेल असं मराठवाड्यातल्या माणसाला सांगितलं, तर तो हसेल. मीही हसलो असतो. परंतु पिकांच्या हिशेबात उन्हाची टंचाई असते, आणि ती नेमकी आपण आभाळाकडं पाहून समाधानानं मान डोलावतो त्या दिवसांत असते.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे मामू कळंब तालुक्यात राहतात. वय सत्तरीच्या पुढं, पण रानात रोजचा फेरा चुकत नाही. विहिरीजवळच्या एकरभरात त्यांनी खरिपात मका केला होता. मका पेरताना त्यांचा हिशेब सरळ होता: कणसं बाजारात, ताटं म्हशींना. पेरणी वेळेवर झाली, उगवण चांगली झाली, गुडघ्याएवढा मका दृष्ट लागावा असा होता. मग ऑगस्टात आभाळ जे भरून आलं, ते तीन आठवडे हटेना. रोज झिमझिम, रोज अंधारून आलेलं. मका उंच वाढत गेला, पण ताटं बारीक पडली. खालची पानं पिवळी पडू लागली. गावाजवळच्या खताच्या दुकानदारानं सांगितलं, "चाचा, युरिया कमी पडतोय." मामूंनी एक गोणी टाकली. आठ दिवसांनी आणखी एक. पानांत फरक पडला नाही. शेवटी कणसं सोलली तर निम्म्याच्या वर बोडकी; बुडाशी चार ओळी दाणे आणि पुढं नुसतं बुरकूड. मामू माझ्याकडं बघून आमच्या घरच्या भाषेत म्हणाले, "पानी दिया, खाद दिया, अब क्या इसकू गाना सुनाना था?"

मी पडलो कवितेचा माणूस, बी.ए.वर थांबलेला. वनस्पतिशास्त्र शाळेत शिकलो तेवढंच. पण मामूंचा प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचं उत्तर शोधताना एक जुना, फारसा न सांगितलेला इतिहास हाती लागला. तो पुष्कळसा पुण्यात घडला आहे, म्हणजे आपल्या अगदी शेजारी.

आधी मक्याविषयी थोडं. हे पीक आपलं नाही. त्याचं मूळ घर मेक्सिको. तिथल्या डोंगराळ भागात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून माणसानं मका घडवला. कोलंबसाच्या मागोमाग तो युरोपात आला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मका हे नाव मक्केवरून पडलं असं सांगतात. युरोपातल्या काही भाषांत त्याला तुर्की गहू म्हणत. गंमत अशी की मक्केचा आणि मक्याचा काही संबंध नाही, तुर्कस्तानचाही नाही. परकी वस्तू दारात आली की ती दूरच्या कुठल्या तरी माहीतल्या गावाच्या नावावर मांडायची, ही माणसाची जुनी खोड. कर्नाटकात सोमनाथपूरला होयसळांचं तेराव्या शतकातलं देऊळ आहे. तिथल्या मूर्तींच्या हातात कणसासारखं काहीतरी दिसतं. ते मक्याचं कणीस, म्हणजे मका कोलंबसाच्या आधीच भारतात होता, असा दावा १९८९ साली दोन परदेशी अभ्यासकांनी केला. १९९३ साली पायक आणि सचान या भारतीय शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिलं की ते कणीस नव्हे, मोत्यांनी मढवलेलं कल्पनेतलं फळ आहे, मुक्ताफळ. 'मुक्ताफळं उधळणं' आपण वेगळ्याच अर्थानं वापरतो, पण ते राहू दे.

तर, झाड आणि उजेड यांचं नातं पहिल्यांदा नीट पाहिलं ते यान इंगेनहाउस नावाच्या डच वैद्यानं. हा माणूस देवीची टोचणी करण्यात वाकबगार होता. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला त्यानं टोचलं होतं. १७७९च्या उन्हाळ्यात त्यानं लंडनजवळ एक घर भाड्यानं घेतलं आणि तिथं ५००च्या वर प्रयोग केले. पानं पाण्याखाली ठेवायची आणि बुडबुडे पाहायचे. उन्हात बुडबुडे येतात, सावलीत थांबतात. झाडाचा फक्त हिरवा भागच हे काम करतो, आणि रात्री काम बंद. इतकी साधी गोष्ट, पण हजारो वर्षं शेती करूनही ती कुणी मांडली नव्हती. झाड मातीवर जगतं असंच सगळे धरून चालले होते. आजही मनातून आपण तसंच धरून चालतो. पीक पिवळं दिसलं की पहिला हात खताच्या गोणीकडं जातो, तो त्याच समजुतीनं.

आता मामूंच्या रानात काय झालं ते पाहा. मुळांना मातीतून नत्र, स्फुरद, पालाश ओढून घ्यायला ताकद लागते. ही ताकद मुळांकडं स्वतःची नसते. पानं उजेडात साखर तयार करतात, तिच्यातला वाटा खाली उतरतो आणि त्यावर मुळं जगतात. आभाळ भरलं की पानांची कमाई घटते. घरात पैसा कमी आला की पहिली काटछाट परगावी शिकणाऱ्या पोराच्या मनीऑर्डरीवर होते, तशी इथं मुळांच्या वाट्यावर होते. मुळांची वाढ मंदावते, ओढही मंदावते. शिवाय ढगाळ, दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून खालून वर येणारा पाण्याचा प्रवाह कमी, आणि त्याच्याबरोबर वाहत येणारं नत्रही कमी. एवढ्यावर थांबत नाही. जे नत्र वर पोचतं त्याचं प्रथिनात रूपांतर करायला पानात एक विकर लागतं, आणि त्या विकराचं कामही उजेडावर अवलंबून असतं. उजेड नाही तर नत्र ताटात तसंच कच्चं पडून राहतं. म्हणजे मामूंनी टाकलेल्या दोन गोण्यांपैकी काही मातीतच राहिलं, काही पावसानं धुऊन नेलं, आणि जे झाडात गेलं त्याचं दाण्यात काही झालं नाही. एकट्या ढगांनीच हे केलं असं मी म्हणणार नाही. रानात पाणी साचलं की मुळं गुदमरतात, तेही झालं असणारच. पण सतत अंधारून येणं हे त्यातलं मोठं कारण होतं, आणि त्याकडंच आमचं लक्ष नव्हतं.

दाणे का भरले नाहीत, याचं उत्तर आणखी बारीक आहे. मक्याला वर तुरा येतो तो नर, आणि कणसाच्या टोकातून मिशा बाहेर पडतात त्या मादी. एकेक केस म्हणजे एकेक दाणा. तुऱ्यातली पिवळी भुकटी केसावर पडली तर त्या केसाच्या बुडाशी दाणा धरतो, नाहीतर ती जागा मोकळी. उजेड कमी पडला की तुरा साधारण वेळेवर येतो, पण केस यायला उशीर होतो. वऱ्हाड येऊन जेवून निघून जावं आणि नवरी मग मांडवात यावी, तसा प्रकार. शिवाय जे दाणे धरतात त्यांनाही साखर पुरली नाही तर टोकाकडचे दाणे झाड स्वतःच सोडून देतं. तुरा येण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे मक्याच्या आयुष्यात सर्वांत नाजूक असतात. जून अखेरच्या पेरणीला हे दिवस नेमके ऑगस्टात येतात, म्हणजे आभाळ सर्वांत भरलेलं असतं तेव्हा.

मक्याचा हा उन्हाचा हव्यास का, हे १९६०च्या दशकात कळलं. कझानच्या शेतकी संस्थेत कार्पिलोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १९६० साली मक्याच्या पानावरच प्रयोग करून दाखवलं की हवेतला कर्बवायू पकडण्याची मक्याची रीत इतर झाडांहून वेगळी आहे. त्याचा लेख कुणी फारसा वाचला नाही. उसावर काम करणाऱ्या हवाईच्या मंडळींनाही तेच दिसलं होतं, आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी तो सगळा मार्ग उलगडला. नाव त्यांचं झालं. तर मका, ज्वारी, बाजरी, ऊस ही एका घराण्यातली. गहू, हरभरा, तूर, सोयाबीन, भात ही दुसऱ्या. दुसऱ्या घराण्यातल्या पानाला भर दुपारच्या उन्हाचा साधारण निम्मा उजेड मिळाला की ते 'पुरे' म्हणतं. मक्याचं पान भर दुपारीही 'आणखी' म्हणतं. म्हणून ढग आले की सोयाबीनचं थोडं अडतं, मक्याचं जास्त अडतं. १९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुरकट पडद्यानं जगभरचं ऊन मंदावलं. त्याचा पिकांवरचा परिणाम काही अमेरिकी संशोधकांनी नंतर हिशेबात मांडला आणि २०१८ साली प्रसिद्ध केला. केवळ उजेड घटल्यामुळं मक्याचं उत्पन्न सुमारे ९ टक्के घटलं. गहू, भात, सोयाबीनचं जवळपास ५ टक्के.

इथं आपल्या ज्वारीची आठवण होणं साहजिक आहे. तीही उन्हाचीच लेक. आणि आमच्या भागातल्या लोकांनी मुख्य ज्वारी धरली ती रब्बीची. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरायची, काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर वाढवायची, आणि निरभ्र आभाळाखाली पिकवायची. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी अजून आमच्याकडं भाकरीसाठी मागून घेतात, ती याच हंगामातली. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते. रब्बीची दाणा मोत्यासारखा घेऊन येते. असं करताना कुणी उजेड मोजला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून बसलेली ती घडी होती. ती आता मोडत चालली आहे. सोयाबीननं खरीप व्यापलं, ज्वारी मागं हटली, आणि कोंबड्यांचं खाद्य, मुरघास आणि अलीकडं इथेनॉल यांच्या मागणीनं मक्याला भाव आला म्हणून तो जमेल तिथं पेरला जातो. यात चूक काही नाही. पण नवं पीक येताना हंगामाचं गणित सोबत घेऊन येत नाही.

उजेड मोजायचं काम मात्र पुण्यात झालं होतं. शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणतात ती दगडी इमारत पुष्कळांनी पाहिली असेल. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं म्हणून ते नाव. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं तरी नाव राहिलं. त्याच सुमारास शेतीसाठी नेमलेल्या शाही आयोगानं शिफारस केली की हवामान आणि पिकं यांचा एकत्र अभ्यास व्हावा. त्यानुसार १९३२ साली पुण्यात कृषी-हवामान शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास, सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. रामदासांनी काय केलं, तर वेधशाळेच्या गच्चीवरून खाली उतरून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या रानात गेले. उसात आणि ज्वारीत वेगवेगळ्या उंचीवर उपकरणं लावली. पिकाच्या आतली हवा ही बाहेरच्या हवेहून वेगळी असते. बुडाशी वेगळी, मधल्या पानांत वेगळी, शेंड्याला वेगळी. आपण उभ्या ज्वारीत शिरलो की घाम फुटतो ते प्रत्येकाला ठाऊक आहे, पण ते आकड्यांत धरलं रामदासांनी. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली: निरभ्र, शांत रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, ती थोडी वर, वीतभर ते हातभर उंचीवर असते. जगातल्या विद्वानांना ते खरं वाटेना. मोजण्यात चूक असेल म्हणाले. पुढं मोजमापं पुन्हा झाली, रामदास बरोबर ठरले, आणि त्या थराला आज त्यांचं नाव आहे.

त्याच खात्यात १९४८ साली ॲना मणी रुजू झाल्या. केरळातल्या पीरमेडच्या, जन्म १९१८चा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणं हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या, त्या नको म्हणून या मुलीनं ज्ञानकोश मागून घेतला, अशी गोष्ट सांगतात. पुढं बंगळुरूला रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांवरच काम केलं, प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली नाही. हे वाचलं तेव्हा माझ्यासारख्या बी.ए.वाल्याची मान जरा ताठ झाली, हे कबूल करतो. इंग्लंडला हवामानाची उपकरणं शिकून त्या पुण्यात आल्या. त्या वेळी साधी तापमापकंही बाहेरून यायची. मणींनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथंच बनवायला घेतली. १९५७-५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानं सूर्यकिरण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशभर उभं केलं, पुणे त्यातलं एक. कुठल्या महिन्यात कुठल्या गावावर किती ऊन पडतं याचे त्यांनी तयार केलेले जाडजूड ग्रंथ १९८०च्या सुमारास निघाले. आज पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांचे कारखानदार त्यांचं नाव घेतात. नीट पाहिलं तर ते आकडे शेतकऱ्याचेही आहेत. योगायोग असा की १९५७ सालीच मक्यावरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ साली पहिले संकरित वाण निघाले. गंगा, रणजित, आणि त्यातल्या एकाचं नाव होतं डेक्कन. देशात एकाच वेळी मक्याचंही मोजमाप सुरू झालं आणि उजेडाचंही.

वेधशाळांत ऊन मोजायचं एक जुनं साधन आहे, ते मला फार आवडतं. काचेचा भरीव गोळा. त्याच्यामागं कमानीत एक पुठ्ठ्याची पट्टी. सूर्य सरकतो तसा काचेतून एकवटलेला किरण पट्टीवर जळकी रेघ ओढत जातो. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी पट्टी काढून जळालेल्या तुकड्यांची लांबी मोजायची, की झाला त्या दिवसाच्या उन्हाचा हिशेब. वीज नको, काटा नको. श्रावणातल्या पट्ट्या कित्येकदा कोऱ्याच राहतात.

आमच्या गावी अशी पट्टी कुठून असणार! त्या वर्षी सोयाबीनच्या पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मामूंनी त्यांना मक्यातही नेलं. आलेला तरुण चांगला होता. म्हणाला, "चाचा, हे तर हिरवंगार उभं आहे." मामूंनी कणीस सोलून दाखवलं. तो म्हणाला, "नुकसानीचं कारण काय लिहू? पाणी साचलेलं दिसत नाही, कीड नाही, वारा नाही." मामू म्हणाले, "ढग लिही." त्यानं कागद उलटून पाहिला, तसा रकाना नव्हता. आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांचे आकडे तिथून निघतात. माझ्या पाहण्यात आलेल्या तक्त्यांत उजेडाचा रकाना मला दिसला नाही.

आणखी एक सांगायला हवं, कारण ते जनावरांच्या जिवाशी आहे. भूम, परंडा, कळंब भागात दुधाचा धंदा मोठा; कुंथलगिरीचा खवा तर सर्वांना माहीत आहे. तिथं हिरवा मका वैरण म्हणून कापला जातो. भरपूर युरिया टाकलेला मका लांबलेल्या ढगाळ दिवसांत कापला, तर ताटात साठलेलं कच्चं नत्र जनावराच्या पोटात जातं आणि विषबाधा होऊ शकते. हे नत्र ताटाच्या बुडाशी जास्त असतं. म्हणून अशा वेळी कापणी थोडी वरून करावी, उघडीप पडून तीन-चार दिवस स्वच्छ ऊन मिळू द्यावं, आणि नुसता मका न टाकता कोरड्या कडब्यात मिसळून द्यावा. युरियाही एकदम न ओतता हप्त्यानं द्यावा, आणि आभाळ दाटलेलं असताना जादा गोणी फोडण्याआधी उघडिपीची वाट पाहावी. दोन झाडांत, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, हाही शेवटी उजेडाचाच प्रश्न आहे. साठ बाय वीस सेंटिमीटरची शिफारस असते. दाट पेरलं की झाडं शेजाऱ्याच्या सावलीची चाहूल घेऊन उंचीच्या मागं लागतात, ताट बारीक पडतं आणि वाऱ्यात लोळतं.

सावलीवरून माणसंही भांडतात. आमच्या पाहण्यातल्या दोन सख्ख्या भावांत बांधावरच्या चिंचेवरून बोलणं बंद झालं. चिंचा थोरल्याच्या, सावली धाकट्याच्या रानात. थोरला म्हणे, झाड आजोबांनी लावलेलं. धाकटा म्हणे, माझ्या सात ओळी दर साली वाया जातात, त्या कुणी भरून द्यायच्या? मोजणीवाल्यांनी येऊन बांध मोजला, तो बिनचूक निघाला. सावली सकाळी पश्चिमेकडं आणि संध्याकाळी पूर्वेकडं जाते, ती कुणाच्या सातबाऱ्यावर चढवायची? शेवटी पंचांनी चिंचांचा तिसरा हिस्सा धाकट्याला ठरवून दिला. तो त्यानं दोन वर्षं घेतला, तिसऱ्या वर्षी चिंच तोडली गेली. कुणी तोडली हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मामूंनी पुढच्या साली खरिपातला मका सोडला आणि नोव्हेंबरात पेरला. तुरा आला तेव्हा आभाळ काचेसारखं होतं. कणसं टोकापर्यंत भरली, युरियाही पहिल्यापेक्षा कमी लागला. फक्त विहीर फेब्रुवारीच्या मध्याला तळाला गेली आणि शेवटची दोन पाणी शेजाऱ्याच्या बोअरवरून विकत घ्यावी लागली. त्या पाण्याचे पैसे वजा जाता हातात काय उरलं, हे मी विचारलं. मामूंनी बोटांवर हिशेब केला, मग म्हणाले की म्हशींची वैरण धरली तर बरं उरलं, न धरली तर बरोबरी. यंदाही ते नोव्हेंबरातच पेरणार आहेत, पण अर्ध्याच एकरात.